शिकारी कुत्र्यांच्या मागे फिरता फिरता फोटोग्राफी शिकले, आता नागपुरात पुढे काय?

फुटाळ्याची_पहाट | ७ डिसेंबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

इथे आठ वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या. वय ५७, शाळेतून निवृत्त, राहायला फुटाळ्याजवळ.

ऑक्टोबर-नोव्हेंबर लेकीकडे होते, अमेरिकेत साउथ डकोटात, सू फॉल्सला. जावयाने त्याचा जुना निकॉन कॅमेरा ७०-३०० या लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्ससकट माझ्या गळ्यात अडकवला आणि म्हणाला, "आई, घरात बसून कंटाळाल. शेजारी कुत्री घेऊन माळावर जातात, त्यांच्याबरोबर फिरून या." माळावर कशाला जातात ते काही बोलला नाही. गाडीत बंदुकांच्या पेट्या दिसल्या तेव्हा उलगडा झाला. तोवर गाव मागे पडलं होतं.

तिथे फेझंट नावाचा पक्षी असतो. आपल्या रानकोंबड्याच्या जातकुळीतला, नराच्या गळ्यात पांढरी कंठी, लांब शेपूट. मूळचा चीनकडचा, तिकडे नेऊन सोडलेला, आणि १९४३ पासून त्या राज्याचा राज्यपक्षीही तोच. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी हंगाम सुरू होतो. माणशी दिवसाला तीन नर, मादीला हात लावायचा नाही. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं ते एवढंच की शेत ज्वारीचं आहे! पक्ष्यांना हिवाळ्यात दाणा आणि आडोसा मिळावा म्हणून मुद्दाम पेरलेली ज्वारी. मला हुरड्याची आठवण झाली आणि तिथल्या तिथे घर आठवून रडायला आलं. असो.

शेजाऱ्यांकडे जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर जातीची दोन शिकारी कुत्री, ज्युनो आणि हँक. मी पहिल्या दिवशी ४१२ फोटो काढले, त्यातल्या साडेतीनशेत अर्धवट शेपट्या. (या जातीची शेपटी लहानपणीच अर्धी कापतात, त्यामुळे अर्ध्याच्याही अर्ध्या.) उरलेल्यांत गवत सुरेख फोकसमध्ये आणि मागे तपकिरी ढग. पक्षी एकाही फोटोत नाही. तो उडतानाचा फडफडाट इतका अचानक होतो की मी दर वेळी "अगं बाई!" म्हणून कॅमेराच खाली करायची.

शेजारी संध्याकाळी फोटो बघून एवढंच म्हणाले की तुम्ही पक्षी शोधताय, ते काम कुत्र्याचं आहे, तुम्ही कुत्रा बघा.

दुसऱ्या खेपेपासून कुत्रा बघायला लागले. वाऱ्याकडे तोंड करून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नागमोडी धावतो. वास लागला की धाव आखडते, मान खाली जाते, आणि एका क्षणी सगळं थांबतं. एक पाय उचललेला, नाक एका दिशेला, अंग ताठ. दुसरा कुत्रा मागून येत असेल तर तोही पहिल्याला बघून तिथेच थिजतो, त्याला स्वतःला काही वास आलेला नसला तरी. हँकच्या गळ्यात घंटी होती. गवत उंच असलं की कुत्रा दिसायचा नाही, नुसती घंटी ऐकू यायची, आणि ती थांबली की समजायचं.

माझ्यासारखीला देवाने दिलेली सवलत म्हणजे हे थांबणं. कधी पाच सेकंद, कधी मिनीट. तेवढ्यात गुडघा टेकायचा, फोकस डोळ्यावर आणायचा, शटर बघायचं. पक्षी नंतर येईल नाहीतर पळून जाईल (फेझंट उडण्यापेक्षा पळण्यात पटाईत), पण कुत्र्याचा फोटो हाती लागलेला असतो.

एक अडचण शेवटपर्यंत राहिली. बंदूकवाल्यांच्या पुढे जायचं नाही, हा नियम पक्का, आणि तो असायलाच हवा. भगवं जाकीट घालून मी त्यांच्या ओळीत किंवा मागे. म्हणजे कुत्र्याची पाठच दिसणार. तोंड कधी दिसायचं? कुत्रा पक्षी घेऊन परत यायचा तेव्हा. ते फोटो मी थोडेच काढले, कारण नंतर सांगेन. आणि मादी उडायची तेव्हा. कोणीतरी "हेन!" म्हणून ओरडायचं, बंदुका खाली व्हायच्या आणि माझा कॅमेरा वर. माझे सगळे बरे फोटो माद्यांचे आहेत.

आता प्रश्न. घरी कॉकर स्पॅनियल आहे, बर्फी, नऊ वर्षांची, संत्रा बर्फीच्या रंगाची. तिचे पूर्वजही म्हणे झुडपातून पक्षी उठवायचे. तिला घेऊन मला इथे हा सराव चालू ठेवायचा आहे, अर्थात बंदुकीशिवाय. कुठे जाऊ? काय चुकतंय? चार प्रचि (प्रकाशचित्रं) टाकतेय, मोकळेपणाने बोला.

लग्नाचा_फोटोवाला | ७ डिसेंबर, रात्री १०:०५

काकू, मी बारा वर्ष लग्नं शूट करून राह्यलो, कुत्र्याचा अनुभव शून्य. पण तुमचं वाचून हसू आलं, कारण हे तर आमचंच काम हाय.

मंगलाष्टकं चालू असतात तेव्हा नवरदेवाकडे कोणी पाहत नाही, सगळ्यायले अक्षता फेकायची घाई. "शुभ मंगल सावधान" मधला "सावधान" ऐकू आला की माझं बोट अर्धं दाबलेलं पाहिजे. अक्षता उडाल्यावर दाबलं तर फोटोत नुसते सांडलेले तांदूळ. डोळ्याने पाहून बोट दाबेपर्यंत पाव सेकंद जाते, अंतरपाट तेवढ्यात खाली. तुमच्या कुत्र्याचं थांबणं म्हंजे सावधान. पक्षी म्हंजे अक्षता.

आता कामाचं. प्रचि २ मधे गवतावर फोकस हाय, कारण तुम्ही सिंगल फोकसवर अन् सगळे पॉइंट चालू ठेवून काढलं. एएफ-सी (सतत बदलता फोकस) करा, मधला एकच पॉइंट नाहीतर त्याच्या आजूबाजूचे नऊ. निकॉनवर मागे एई-एल/एएफ-एल लिहिलेलं बटण असते, मेनूत जाऊन त्याले एएफ-ऑन करा. मग फोकस अंगठ्याने, फोटो बोटाने. कुत्रा थांबला की अंगठा सोडून द्या, गवत हललं तरी फोकस हलत नाही. कुत्रा पळाला की अंगठा दाबून ठेवा. पहिले चार दिवस शिव्या द्याल मले, पाचव्या दिवशी चहा पाजाल.

उडत्या पक्ष्याले शटर १/२००० सेकंदापेक्षा मंद नको. आयएसओ (कॅमेरा उजेडाले किती संवेदनशील ते) ऑटोवर टाका अन् विसरून जा. दाणे दिसले तर दिसले, हललेला फोटो कशानेच सुधरत नाही.

शाकाहारी_वाघ | ८ डिसेंबर, सकाळी ७:२०

फोटोग्राफीच्या नावाखाली शिकारीचं कौतुक चाललंय, हे कोणालाच खटकत नाही? जिवंत पक्ष्याला कुत्रा लावून उठवायचं, गोळी घालायची, आणि आपण शटर स्पीडवर चर्चा करायची. धागाकर्तीबद्दल आदर आहे, पण गुडघा टेकून काढलेला फोटो काही निरागस होत नाही.

फुटाळ्याची_पहाट | ८ डिसेंबर, सकाळी ११:४०

@शाकाहारी_वाघ, राग आला नाही. मीही घरी अंड्याच्या पुढे जात नाही.

वर म्हटलं होतं नंतर सांगेन, ते हे. तिसऱ्या खेपेला एक नर जखमी होऊन पाणकणसात पडला. माणसांना दिसेना. ज्युनो आत गेली, दहा मिनिटं नुसता खुसपूस आवाज, मग चिखलाने भरलेली बाहेर आली आणि तोंडात तो, अजून डोळे उघडे. शेजाऱ्यांनी हातात घेऊन लगेच संपवला. माझ्या गळ्यात कॅमेरा होता आणि प्रकाश इतका सुंदर होता की काय सांगू. नाही काढला. रात्री लेकीने वरण-भात केला, तोही गेला नाही.

शेजाऱ्यांचं म्हणणं, कुत्रा नसता तर तो पक्षी तिथेच दोन दिवस तडफडला असता. जावयाचं म्हणणं, तिथे बंदुकी-काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांच्या अधिवासाला जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. मला वाद जिंकायचा नाही. मला कुत्र्याचं ते थांबणं आवडलं, बंदूक आवडली नाही, म्हणून तर इथे विचारतेय.

@लग्नाचा_फोटोवाला, सावधान आणि अक्षता! तीस वर्षं वर्गात शिकवलं, असं उदाहरण मला कधी सुचलं नाही. अंगठ्याचं बटण केलं. शिव्या चालू आहेत.

सदरचा_वकील | ८ डिसेंबर, दुपारी ३:१५

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर कोणीतरी उत्साहाच्या भरात अडकायचं. "बंदुकीशिवाय" म्हटल्याने आपण सुटत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, कलम २(१६) मध्ये शिकारीची व्याख्या आहे. मारणं तर आहेच, पण पकडणं, पाठलाग करणं, फासे लावणं, हाकणं, आमिष दाखवणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. पक्ष्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरटी विचलित करणंही त्यात आलं. तितराच्या थव्यावर मोकळी कुत्री सोडून तो उठवायचा आणि फोटो काढायचा, याला एखाद्या वनरक्षकाने "हाकणं" म्हटलं तर तुमच्या बाजूने बोलताना माझीही जीभ अडखळेल.

अभयारण्यात कुत्रा नेण्याचा प्रश्नच नाही. बाहेरच्या माळावर पट्टा बांधून फिरवायला कोणी अडवत नाही. पट्टा लांब घ्या, पण घ्या.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, माळटिटवी उन्हाळ्यात उघड्या मुरमावर अंडी घालते, राखी तितरही जमिनीवरच. गावोगावच्या मोकाट कुत्र्यांनी त्यांना आधीच सळो की पळो करून सोडलंय. पक्ष्याला काय माहीत बर्फीला घरी गादी आहे ते.

आजोबांची_पेटी | ९ डिसेंबर, रात्री ८:३०

वकीलसाहेबांना अनुमोदन. थोडं अवांतर करतो.

आमच्या आजोबांकडे परवान्याची बंदूक होती आणि एक पॉइंटर, उमरेडकडे. ७२ चा कायदा यायच्या आधीची गोष्ट. तेव्हा हिवाळ्यात पाणलाव्याला (चिखलातला लांब चोचीचा पक्षी) आणि तितराला जाणं ही प्रतिष्ठेची गोष्ट मानत. त्यांच्या ट्रंकेत एक फोटो सापडला, बहुधा आगफा क्लिक थ्रीवर काढलेला. आजोबा खुर्चीत, पुढे सतरंजीवर अकरा तितर ओळीने, बाजूला कुत्रा. त्या कॅमेऱ्याचं शटर मंद, त्यामुळे जो हलला तो पुसट. आजोबा थोडे पुसट. कुत्र्याला तर तोंडच नाही, नुसता पांढरा फराटा. मेलेले तितर तेवढे एकदम स्पष्ट, पीस न् पीस मोजता येतं.

आजी सांगायची, तितर कुठल्या बांधाला बसतात हे आजोबांना एक फासेपारधी दाखवायचा. गवत कुठून दबलंय, विष्ठा किती ओली आहे, सगळं त्याला कळायचं. ज्यांच्या माथी इंग्रजांनी १८७१ मध्ये कायद्याने "गुन्हेगार" असा शिक्का मारला आणि तो १९५२ मध्ये निघाला, त्यातला तो. फोटोत तो नाही. बहुतेक फोटो त्यालाच काढायला लावला असेल.

काकू, तुम्ही कुत्र्याचं तोंड फोकसमध्ये आणा. आमच्याकडे कोणाला ते जमलं नाही.

कोपऱ्यातला_मास्तर | ९ डिसेंबर, रात्री ९:५०

या निमित्ताने एक जुनी गंमत. एतिएन-ज्यूल मारे नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये उडत्या पक्ष्यांचा अभ्यास करायला चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. दस्ता खांद्याला लावायचा, नळी पक्ष्यावर रोखायची, घोडा ओढायचा, आणि सेकंदाला बारा चित्रं. आतली काचेची चकती रिव्हॉल्व्हरसारखी फिरायची. आपण आज ज्याला बर्स्ट म्हणतो ते तिथून.

"स्नॅपशॉट" हा शब्दही आधी शिकाऱ्यांचा. नीट नेम न धरता झटक्यात मारलेली गोळी म्हणजे स्नॅप शॉट. फोटोग्राफीत तो नंतर आला. आणि आपले पक्षितज्ज्ञ सलीम अली? लहानपणी एअरगनने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग निघाला, ती कोणती हे विचारायला मुंबईच्या बीएनएचएसमध्ये (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) गेले आणि तिथून पुढचं सगळं घडलं. तेव्हा शाकाहारी वाघसाहेब, बंदूक आणि दुर्बीण यांचं नातं आपल्याला वाटतं तेवढं लांबचं नाही.

सावजी_कमी_तिखट | ९ डिसेंबर, रात्री १०:०२

काय बाप्पा, मास्तरनं रात्री दहाले शाळा भरवली. काकू विचारून राहिल्या कुठे जाऊ, अन् तुमी फ्रान्सले पोचले.

काकू, अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात कुत्रा नेता येत नाही, तिथे एकट्या जा, पक्षी भरपूर. पारडगावच्या तलावावर हिवाळ्यात बदकं अन् राजहंस येतात, तिथे कुत्रा नेऊन त्यायले पळवू नका. कुत्र्याले घेऊन कोणाच्या तरी शेतात जा, ओळखीच्या. काटोल, कळमेश्वरकडे कोणी नाही का?

फुटाळ्याची_पहाट | २१ डिसेंबर, रात्री ८:४५

आहे ना! सख्खा भाऊ काटोलला, संत्र्याची बाग आणि मागे पडीक माळ. दोन रविवार जाऊन आले. अहवाल देते, लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक ज्ञान. बर्फी थांबत नाही! मी आपली तिच्या मागे, आता पाय उचलेल, मग उचलेल. ती नाक जमिनीला लावून इंजिनासारखी चालतच राहते. जावयाला फोन केला तर म्हणाला, "आई, स्पॅनियल पॉइंट करत नाही, म्हणजे थिजून दिशा दाखवत नाही. तो घुसतो." म्हणजे माझी ती पाच सेकंदांची सवलत संपली. लग्नवाल्या भाऊंच्या भाषेत, ही "सावधान" म्हणतच नाही, थेट अक्षता.

पण तिची शेपटी बोलते. एरवी डावी-उजवी हलते, आरामात. वास ताजा झाला की शेपटीचा वेग इतका वाढतो की अख्खं बूड हलायला लागतं. पहिल्या रविवारी हे कळायला दुपार झाली. दुसऱ्या रविवारी शेपटी वाढली की मी लगेच बसायचे आणि पट्टा थांबवायचे (दहा मीटरचा घेतला, सीताबर्डीत मिळाला). म्हणजे थांबायचं काम माझं. ती तिथेच थरथरत उभी राहते, मान पुढे, एक कान उलटा. प्रचि ५ बघा.

पक्षी उठवला नाही. एकदा समोर वीस पावलांवर तितर ओरडत होता, क-ती-तर, क-ती-तर, बर्फीचं बूड गरागरा, आणि आम्ही दोघी तिथेच. तो आपला आपण चालत बांधापलीकडे गेला. फोटोत फक्त बर्फी ऐकतेय. मला तो सगळ्यात आवडलाय, तुम्हाला काय वाटतं माहीत नाही.

गुडघा टेकून पुरत नाही, स्पॅनियल बुटकी आहे. पालथं पडावं लागतं. कोपरात गोखरू. भावाचा गडी येऊन विचारून गेला, "बाई, चक्कर आली का?" मग कळल्यावर तोही शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, कुत्रीकडे काय पाहता, टिटवीकडे पाहा, ती आधी सांगते. खरंच, बर्फीच्या शेपटीच्या आधी माळावरच्या टिटवीने बोंब ठोकलेली असायची. पण ती आमच्याबद्दल असायची!

प्रकाशाचंही कळायला लागलंय. डकोटात वाऱ्यावरून कुत्र्याचं तोंड कुठे असेल ते ठरायचं आणि सूर्य कुठे आहे त्यावरून मी कुठे उभं राहायचं. इथे सकाळी वारा उत्तरेकडून होता, ती उत्तरेला तोंड करून, सूर्य पूर्वेला, म्हणजे मी तिच्या उजव्या अंगाला थोडं पुढे. बंदुका नाहीत, मग पुढे जायला भीती कसली! दीड महिना पाठीच बघितल्यावर पहिल्यांदा समोरून डोळे बघितले. सूर्य जेमतेम सातला वर येतो, साडेआठपर्यंत गोड प्रकाश, मग बर्फीलाही कंटाळा येतो आणि मलाही.

तक्रार: प्रचि ७, संध्याकाळचा. बर्फीचा रंग पेटल्यासारखा आलाय, केस दिसतच नाहीत, नुसता भगवा गोळा. का?

नंतर येताना तर्री पोहे खाल्ले, चार घास तिलाही दिले, खूश!

गोचीड_पुराण | २१ डिसेंबर, रात्री ९:१०

काकू थांबा! पोहे देऊ नका!! त्यात कांदा असतो. कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चार घासांनी बहुधा काही होणार नाही, पण दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, लघवी गडद झाली, सुस्ती आली तर लगेच डॉक्टरकडे.

दुसरं, माळावरून आल्यावर कुसळी तपासा. आपल्याकडे आता गवत वाळलंय, कुसळीचं टोक सुईसारखं आणि मागचे केस उलटे, एकदा कातडीत शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. स्पॅनियलला सगळ्यात जास्त त्रास, लोंबते कान आणि पंजाचे केस. बोटांच्या मधे, काखेत, कानात, दर वेळी. आणि गोचीड. एक जरी चिकटून राहिली तरी तापाचं निमित्त.

लग्नाचा_फोटोवाला | २१ डिसेंबर, रात्री १०:३०

काकू, प्रचि ५ खतरनाक. उलटा कान सोडून बाकी सगळं विसरलो. फक्त खालचा पंजा कापला गेला, पुढच्या वेळी थोडी जागा सोडा.

प्रचि ७ चं सांगतो. हे हळदीच्या फोटोत रोज होते. पिवळी हळद, पिवळा शालू, संध्याकाळचं ऊन. कॅमेरा एकूण उजेड पाहून सांगते "बरोबर हाय", पण लाल रंग एकटाच वर जाऊन आपटलेला असते. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहता ना, त्यात पांढरा एकच डोंगर पाहू नका, लाल-हिरवा-निळा वेगळे दाखवणारा पाहा. लाल डोंगर उजव्या भिंतीले चिकटला की एक्स्पोजर अर्ध्या ते एक स्टॉपनं खाली (एक स्टॉप म्हंजे उजेड निम्मा). अन् रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मधे काढा, जेपेगमधे ते केस गेले ते गेले.

अन् एक उलटं करून पाहा. शेपटी वाढते म्हणता ना, तिचा १/६० वर काढा. बाकी अंग थांबलेलं, शेपटीचा नुसता पंखा. पन्नासातला एक जमेल.

शाकाहारी_वाघ | २२ डिसेंबर, सकाळी ८:०५

प्रचि ६ (तितर न दिसणारा) छान आहे. बस, एवढंच लिहायला आलो होतो.

फुटाळ्याची_पहाट | ११ जानेवारी, संध्याकाळी ७:२०

@गोचीड_पुराण, तुमच्या तोंडात साखर पडो की आणखी काही, कळत नाही. पोह्यांनी काही झालं नाही, पण गेल्या सोमवारी बर्फी सारखी डोकं झटकायला लागली. डाव्या कानात कुसळ. मी रोज तपासत होते हो, पण आत इतकं खोल कोण बघतं. डॉक्टरांनी भूल देऊन काढलं. बोटाच्या पेराएवढं आणि टोक पडद्याजवळ पोचलेलं. आता तीन आठवडे माळ बंद. जाळीचा मुखवटा मिळतो म्हणे कान झाकणारा, तो मागवलाय. लेकीला फोन करून सांगितलं तर म्हणाली, आई, इथेही ज्युनोच्या पायातून असंच गवत काढलं होतं. मग आधी सांगायचं ना!

१/६० चा सराव घरीच केला, जेवणाच्या वेळी, वाटी वाजवून. त्रेपन्नावा जमला. प्रचि ९.

आज सकाळी पारडगावला एकटी गेले. हे येतो म्हणाले होते, पण थंडी बघून रजईत शिरले. सहा पन्नासला काठावर. पाण्यावर धुकं, लांब चक्रवाकांचा आवाज. आणि गंमत म्हणजे मला बघायचं कुठे हेच कळेना. कुत्रा नाही, घंटी नाही, शेपटी नाही. अर्धा तास इकडे तिकडे कॅमेरा फिरवला, डकोटाच्या पहिल्या दिवसासारखे फोटो. मग कोणी बघत नाही असं बघून वाऱ्याकडे तोंड केलं आणि काठाने नागमोडी चालायला लागले, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, पाणी अंगावर न घेता. एका ठिकाणी टिटवी ओरडायची थांबली. का कोण जाणे, मीही थांबले, एक पाय चिखलातून उचललेला तसाच. समोर ओल्या गवताच्या कडेला काहीतरी तपकिरी, चट्ट्यापट्ट्यांचं. हललं नाही. मीही नाही. १/१२५०, एफ ५.६, आयएसओ १६००, पालथी पडून (स्वेटर धुवायला टाकलाय).

प्रचि १० मध्ये डावीकडे गवताच्या बुडाशी बघा. पाणलावा आहे ना? चोच गवतात गेली असावी. जाणकारांनी सांगावं.

सावजी_कमी_तिखट | ११ जानेवारी, संध्याकाळी ७:५५

काकू, मोठं करून पाह्यलं. ढेकूळ हाय.

आजोबांची_पेटी | ११ जानेवारी, रात्री ८:१०

मीही मोठं करून पाहिलं. ढेकूळच. पण काय फोकस आलाय!

फुटाळ्याची_पहाट | ११ जानेवारी, रात्री ८:२२

मला शंका होतीच. चाळीस फोटो काढलेत त्याचे.